गुहेतल्या बाईचं सामान

एका प्राध्यापकाने मला फसवलं आणि मी एका मेलेल्या बाईला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक अर्ध्यावरच मला म्हणतात, "पण यात तुमचा काय दोष?" माझा दोष किती ते मला माहीत आहे. मला राग आहे तो त्याच्या वाट्याचा दोष त्याने आजवर उचलला नाही याचा.

मी इचलकरंजीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. मावसभावाच्या ओळखीने डेट्रॉइटला आलो, शेजारच्या ट्रॉयमध्ये भाड्याने राहिलो आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. ऐंशीनंतर कारखान्यांना उतरती कळा लागली. आमची पाळी बंद झाली तेव्हा तिथल्या महाराष्ट्र मंडळातले इंजिनियर लोक मला दिलासा द्यायला आले. मी म्हटलं, दिलासा नको, धंदा सांगा. कुणालाच सांगता येईना. शेवटी एका गुजराती माणसाकडून कळलं की ॲरिझोनात हायवेवर एक मोटेल विकायला आहे. या धंद्यात सगळे गुजराती. त्यांच्यात मी एकटा मराठी घुसलो आणि अठरा खोल्यांचा मालक झालो.

सौदा करायची माझी एक पद्धत होती आणि मला तिचा गर्व होता. मी यादी केल्याशिवाय सही करत नसे. मोटेलचा म्हातारा गोरा मालक कंटाळून गेला, पण मी त्याला खोल्या-खोल्यांतून फिरवलं आणि गाद्या, दिवे, पडद्यांचे दांडे, झाडाच्या कुंड्यासुद्धा लिहून घेतल्या. ऑफिसच्या मागे एक लांब खोली होती. बाहेर हायवेवर तिचा फलक होता: 'गुहेतली राणी बघा'. आत काचेच्या पेटीत एक काळपट, चकचकीत बाई गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. ओठांना लाल रंग. डोक्याला प्लास्टिकच्या मण्यांची पट्टी. वर पिवळा दिवा.

"हे काय?" मी विचारलं.

"प्लास्टरची बाहुली," म्हातारा म्हणाला. "सिनेमावाल्यांकडून आली. खेळ आहे, पोरं खूश होतात." आणि पेटीचं मागचं दार उघडून त्याने तिच्या नडगीवर टिचकी मारली. टक् टक् असा आवाज आला.

मी यादीत लिहिलं: दाखवायची बाहुली, एक, सामानासह.

जन्मभर मी धातू हातात घेऊन ओळखत आलो. बीड की पोलाद हे मला कानस फिरवल्याशिवाय कळे. त्या दिवशी मला नुसता हात पुढे करायचा होता. मी केला नाही. का नाही केला, याचं उत्तर मला आवडत नाही, पण देतो: फलक बघून गाड्या थांबत होत्या हे मी त्या आधीच बघून घेतलं होतं.

सात महिने मी ती खोली चालवली. तिकीट लावलं. तिथे काय काय चालायचं तेही सांगतो. लोक काचेला च्युइंगगम चिकटवायचे. जाडे पुरुष पेटीला टेकून फोटो काढायचे आणि बायकोला म्हणायचे, "बघ, तुझ्यापेक्षा बारीक आहे." एक बस भरून आलेल्या म्हाताऱ्यांनी तिचं वय, तिचा नवरा, तिची छाती यांवर विनोद केले. मी दारात उभा राहून हसत होतो, कारण गिऱ्हाईक हसलं की हसायचं हा धंद्याचा नियम आहे. नंतर मी त्याच थोबाडाने जेवायला बसायचो.

मोटेलमध्ये खोल्या झाडायला एक बाई होती. डोंगरापलीकडच्या वस्तीतली, इथल्या मूळच्या लोकांपैकी, साठीच्या आसपासची. आम्ही त्या लोकांना तेव्हा रेड इंडियन म्हणत असू. शाळेच्या पुस्तकात तेच होतं. माझी बायको तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची. आईच्या बहिणीला म्हणतात असं सांगितल्यावर ती हसली आणि त्या हाकेला ओ द्यायला लागली. तर ही मावशी अठराही खोल्या लखलखीत करायची, पण मागच्या त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडलो.

"ही खोली काय आकाशातून पडली? इथला केर कोण काढणार, मी?"

"हो," मावशी म्हणाली आणि बादली घेऊन दुसरीकडे गेली.

मला वाटलं, आळशी आहे. तिला कामावरून काढायचं माझ्या मनात आलं होतं. बायकोने अडवलं आणि ती खोली स्वतःच्या अंगावर घेतली.

मार्च महिन्यातली सकाळ होती. बायकोने पेटीचं मागचं दार उघडलं, कारण आतल्या काचेवर धूळ बसली होती. थोड्या वेळाने ती ऑफिसात आली. फडकं हातातच होतं.

"अहो, प्लास्टरच्या बाईच्या डोक्यात लिखा असतात का?"

मी म्हटलं, "काय बडबडतेस?"

"चला आणि बघा."

माझ्या बायकोच्या मागे चार बहिणी. तिचं सगळं लहानपण त्यांच्या वेण्या घालण्यात आणि फणीने उवा काढण्यात गेलेलं. तिने ती मण्यांची पट्टी वर सारली. कानामागे केस बारीक होते, तपकिरी, आणि त्या केसांना मुळाजवळ पांढरे ठिपके चिकटले होते. एकेका केसाला दोन-दोन, तीन-तीन. कुठला कारागीर बाहुलीच्या केसांना लिखा चिकटवील?

मग मी हात पुढे केला. सात महिन्यांनी. तिच्या पायावरचा तो चकचकाट वार्निशचा होता, आपण खुर्चीला लावतो ते वार्निश. ब्रशचे केस त्यात अडकून वाळले होते. ओठांवर लिपस्टिक होती. आणि तोंड किंचित उघडं होतं. आत दात होते, झिजलेले, एक किडलेला.

मी तडक ऑफिसात गेलो. म्हाताऱ्याला फोन लावला. तो मुलीकडे फ्लोरिडात जाऊन राहिला होता.

"तू मला मढं विकलंस!" मी ओरडलो.

"मी तुला मोटेल विकलं," तो म्हणाला. "मढं तू यादीत लिहून घेतलंस. पडद्याच्या दांड्यांनंतर."

"तू प्लास्टर म्हणालास!"

"मला पण ती प्लास्टर म्हणूनच मिळाली. माझ्या आधीच्यालाही. कुणी विचारत नाही रे, विचारलं की ठेवता येत नाही." आणि त्याने फोन ठेवला. त्याच्याविरुद्ध माझ्या मनात राग आहे, पण तो फार नाही. तो हलकट होता आणि हलकटासारखा बोलला.

ट्रॉयच्या एका मित्राला फोन केला, तर तो आधी पोटभर हसला. "अरे यार, मोटेल घेणारे खूप बघितले. मुडदा बोनसमध्ये घेणारा तूच पहिला!" मग गंभीर झाला. "हे बघ, घाई करू नकोस. एखाद्या कॉलेजात फोन कर. एक्स्पर्टला दाखव. ओल्ड वस्तू आहे, काय असेल काय नसेल." त्याचं ते 'काय असेल काय नसेल' माझ्या डोक्यात रुतून बसलं.

इकडे बायकोने स्वयंपाकघर बंद केलं. घरात प्रेत असताना चूल पेटत नाही, हे तिचं म्हणणं.

"अगं, सात महिने तू इथेच स्वयंपाक केलास."

"तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

मी फलक उतरवला, तिकिटाची खिडकी बंद केली. आणि बायको मला घेऊन मावशीकडे गेली. काय झालं ते तिने मावशीला सांगितलं. मावशीने हातातली चादर घडी करून ठेवली आणि म्हणाली, "आम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. ती नदीच्या वरच्या गुहेतली. माझ्या आजीच्या वेळी उचलून आणली."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला बोलणार? तू मला केर काढायला सांगत होतास."

आता काय करायचं ते मी तिलाच विचारलं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

मावशी म्हणाली, तिचा थोरला भाऊ अशा गोष्टींचं बघतो. तो कामाला दूर गेला आहे, तीन आठवड्यांनी येईल. मग ते लोक येऊन बाईला घेऊन जातील आणि होती तिथे ठेवतील. "पण तिचं सगळं सामान तिच्याबरोबर हवं," ती म्हणाली. "ते तिला दिलेलं आहे. ते तुझं नाही, आमचंही नाही." मी म्हटलं, दिलं. शब्द दिला. माझ्या शब्दावर इचलकरंजीत उधारीवर लोखंड मिळायचं.

सामान काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिच्याखाली एक गोधडी होती, टर्कीची पिसं दोऱ्याला गुंडाळून विणलेली, कडेला झडलेली. एक टोपली, इतकी घट्ट की पाणी धरील. गवताची काडी-काडी जमवून मध्ये बांधलेला केसांचा ब्रश, आपल्या कुंचल्यासारखा. त्यात तिचेच केस अडकलेले. हाडाचं एक दाभण. शंखांच्या तुकड्यांची माळ. मक्याच्या वाळलेल्या कणसांनी भरलेला एक वाडगा. आणि पायाशी चपलांची जोडी, घायपातासारख्या पानांच्या दोराने विणलेली. तळाला नक्षी होती. चपलेच्या तळाला, जिथे कुणी बघत नाही.

बायकोने ती उलटी करून बघितली. "नव्या आहेत हो. एक पाऊलसुद्धा चाललेली नाही. हिच्यासाठी कुणीतरी मुद्दाम केल्या."

मावशीचा भाऊ येईपर्यंत ती बाई आमच्या छपराखाली होती. बायकोने ठरवलं, ही नव्या चपला देऊन, गोधडीत गुंडाळून मानाने पाठवलेली बाई आहे, सवाष्णच गेली असणार. मग तिने आपल्या पद्धतीने केलं. ओल्या फडक्याने लिपस्टिक पुसली. कपाळाला हळद-कुंकू लावलं. आईने दिलेला खण कधीपासून ट्रंकेत होता, तो काढला, तांदूळ घेतले, नारळ मिळेना म्हणून खोबऱ्याची वाटी घेतली, आणि त्या वार्निश लावलेल्या पोटाशी ओटी भरली. सामानाला मात्र तिने हात लावला नाही. "ते तिच्या माहेरचं," म्हणाली.

मी हे दारातून बघत होतो. मला ते बरोबर वाटलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात फोन केला.

दोन दिवसांनी प्राध्यापक आला. उंच, पातळ, खाकी शर्ट, हातात पातळ रबरी मोजे, गाडीत खोकी आणि पांढरा कागद. खोकी बघूनच मला कळायला हवं होतं. बघायला येणारा माणूस खोकी आणत नाही. आधी तो सामानावर वाकला. चपला बघताना त्याचं नाक जवळजवळ तळाला टेकलं होतं. मग तो बाईकडे वळला आणि किंचाळला.

"हे पिवळं काय आहे? हे लाल?"

"हळद आणि कुंकू," मी म्हटलं. "माझ्या बायकोने लावलं. मान म्हणून."

"तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंत? नमुना खराब झाला. दूषित! हे धान्य कुठलं? हे फळ? पुढच्या माणसाने हे तिच्या काळचं समजायचं का?"

माझं डोकं तापलं. "साहेब, हिच्या अंगावर खुर्चीचं वार्निश आहे. ओठांना लिपस्टिक होती. ते तुम्हाला चालतं आणि हळद-कुंकू चालत नाही?"

"वार्निश ओळखता येतं," तो म्हणाला.

बायको आतून म्हणाली, "त्याला विचारा, त्याच्या आईला शेवटी काही लावलं होतं की नाही." मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग त्याने सूर बदलला. घासाघीस करणाऱ्याला दुसरा घासाघीस करणारा लगेच ओळखू येतो, आणि मी त्याला ओळखलं. तो आधी भीती घालून बघत होता. म्हणाला, माणसाचं शरीर असं ठेवणं गुन्हा ठरू शकतो, लायसन्स जाऊ शकतं, शेरीफला कळवणं त्याचं कर्तव्य आहे, पण तो माझ्या बाजूने आहे. मी म्हटलं, "बाई आणि सामान वेगळं होणार नाही. ज्यांचं आहे ते लोक तीन आठवड्यांनी नेणार आहेत. मी शब्द दिलाय."

"अगदी बरोबर," तो म्हणाला. "आम्हीही तेच करू. पण पिसांना कसर लागली आहे, बघा." खरंच लागली होती. "सामानाला आधी औषध द्यावं लागेल. बाईला न्यायला वेगळी गाडी आणि परवाना लागतो. आज सामान नेतो. पंधरा दिवसांत बाईला नेतो. मग त्या लोकांना आम्हीच बोलावू आणि सगळं एकत्र हातात देऊ. तुमच्या मोटेलच्या मागच्या खोलीपेक्षा ते शोभून दिसेल."

मी पावती मागितली. त्याने लिहिली. मी ती तीनदा वाचली आणि त्यात 'मालकाने मागितल्यास परत' हे शब्द घालून घेतले. एका शब्दावर पाव तास भांडलो. मला वाटलं, मी जिंकलो.

मग तो सहज म्हणाला, "औषध दिल्यावर मधले काही दिवस वस्तू आमच्या काचेत राहतील. खाली पाटी असते. तुमचं नाव घालू ना?"

मी पाचवी नापास माणूस आहे. पुढचं जे काही शिकलो ते लेथवर. ट्रॉयच्या इंजिनियरांच्या पोरांचं शिक्षण ज्या अमेरिकन कॉलेजांत चाललं होतं, तसल्या एका कॉलेजात पितळी पाटीवर माझं नाव. माझ्या छातीत काहीतरी फुगलं. त्याने शेरीफची भीती घातली तेव्हा मी हललो नाही. आणि या एका गोष्टीने मी विकलो गेलो.

"इथे स्पेलिंग लिहा, नीट, कॅपिटलमध्ये," तो दुसरा एक छापील कागद पुढे करून म्हणाला. "आणि खाली सही."

मी लिहिलं. एक-एक अक्षर कोरून. त्या कागदावरचा बाकी मजकूर मी वाचला नाही.

गोधडी तिच्याखाली होती. "जरा धराल का?" तो मला म्हणाला. मी त्या बाईला दोन्ही हातांनी उचलून धरलं. ती तुरकाट्यांच्या मोळीइतकी हलकी होती. माझ्या मनगटाला तिचे केस लागले. त्याने गोधडी ओढली. एक कोपरा तिच्या टाचेत अडकला होता, तो त्याने हिसडा देऊन सोडवला. पिसांचा भुगा खाली पडला, तोसुद्धा त्याने चिमट्याने वेचून पाकिटात भरला. मग मी तिला उघड्या लाकडावर ठेवलं. आठवलं की अजून हात साबणाने धुवावेसे वाटतात. ती कितीही घाणेरडी केली गेली असली तरी हाताला घाण तिची लागली नाही, आमची लागली.

पंधरा दिवस गेले. फोन केला तर परवाना यायचा आहे. आणखी आठ दिवस. फोन केला तर प्राध्यापक बाहेरगावी. मावशीचा भाऊ आला. जाड काचांचा चष्मा, स्वच्छ पांढरा शर्ट. त्याच्याबरोबर दोन माणसं आणि एक पिकअप. तो खोलीत गेला, बाईजवळ थोडा वेळ उभा राहिला, खणावर आणि तांदळांवर नजर गेली तेव्हा मावशीने त्याला त्यांच्या भाषेत काही सांगितलं. त्याने माझ्या बायकोकडे बघून मान हलवली. मग माझ्याकडे वळला.

"तिच्या वस्तू?"

मी सांगितलं. औषध, परवाना, पंधरा दिवस. माझ्याच तोंडून ऐकताना मला कळत गेलं. त्या माणसाने मला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "आधी त्या आण. आम्ही थांबू." पिकअप रिकामी परत गेली.

दुसऱ्या सोमवारी मी मावशीला गाडीत घालून कॉलेजात गेलो. चार तासांचा रस्ता. मी रेडिओ लावायची हिंमत केली नाही. पहिल्याच दालनात, जिन्याशेजारी, काचेत सगळं मांडलेलं होतं. चपला उलट्या ठेवल्या होत्या, तळाची नक्षी दिसावी म्हणून, खाली छोटा आरसाही होता. मांडणी सुंदर होती. मला त्या सुंदरपणाची किळस आली. बाईचा कुठे उल्लेखच नव्हता. जणू ती गोधडी, तो ब्रश, ते कणीस आपापले त्या गुहेत राहायला गेले होते. खाली पितळी पाटी होती आणि तिच्यावर माझं नाव. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

मावशीने पाटी वाचली. हळू, बोट न लावता. मग माझं आडनाव मोठ्याने उच्चारलं, पहिल्यांदाच, आणि विचारलं, "याचा अर्थ काय?"

"अर्थ काही नाही," मी म्हटलं. "नाव आहे."

"मग ते तिच्या चपलांखाली कशाला?"

प्राध्यापक त्याच्या खोलीत होता. बाहेरगावी नव्हता. त्याने फाइल काढून मला माझाच कागद दाखवला. वर लिहिलं होतं, देणगीपत्र. "पावतीत मालकाला परत असं आहे," तो शांतपणे म्हणाला. "मालक आता कॉलेज आहे. तुम्हीच दिलंत."

"आणि बाई?"

"दूषित अवशेष आम्ही घेत नाही. तुमच्या बायकोने..."

मी त्याच्या टेबलावर दोन्ही मुठी आपटल्या. मराठीतल्या, इचलकरंजीच्या वर्कशॉपमधल्या, माझ्याजवळ होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या. पहारेकरी आला. मावशी मला म्हणाली, "चल." तिने प्राध्यापकाला एकच विचारलं, "ती कशावर झोपली आहे आता, माहीत आहे?" तो म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या भावनांचा मला आदर आहे." हे वाक्य मी त्यानंतर अमेरिकेत अनेकदा ऐकलं आहे. आदर म्हणणारा त्यानंतर काहीच देत नाही.

मी वकील बघितला. कागद बघून तो म्हणाला, सही तुमची आहे ना? पुढच्या महिन्यात मावशीचा भाऊ परत आला. वाट बघून झाली होती. सामान आलं नव्हतं आणि बाईला उन्हाळ्यात त्या लाकडी फळीवर ठेवणं कुणालाच बघवत नव्हतं. त्यांनी तिच्या पायांवरचं वार्निश काही काढलं नाही. ते निघण्यासारखं नव्हतं. नव्या लोकरी ब्लँकेटमध्ये तिला गुंडाळलं. माझ्या बायकोने आतून तिची कोल्हापुरी चपलांची जोडी आणली, लग्नानंतर फारशी न वापरलेली, आणि मावशीपुढे धरली. मावशीने ती हातात घेतली, बघितली, परत दिली.

"या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "पण या तिच्या नाहीत."

भावाने खण आणि खोबऱ्याची वाटी मात्र तिच्याजवळच राहू दिली. कशी ठेवली, कुठे ठेवली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मावशी त्यानंतर कामाला आली नाही. बायकोने दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं, रागावलेली नाही, पण येणार नाही. वर्षभरात मी मोटेल विकलं. यादी केली नाही.

आता म्हणे कायदा झाला आहे. अशा वस्तू ज्यांच्या त्यांना परत द्यायच्या. मी कॉलेजला पत्र लिहिलं, देणगी परत मागत नाही, माझं नाव काढा आणि वस्तू मावशीच्या भावाला द्या. उत्तर आलं, यादी करण्याचं काम चालू आहे. दुसरं पत्र लिहिलं. यादी करण्याचं काम चालू आहे. यादीचं मला सांगतात. अठरा खोल्यांची यादी मी एका दुपारी केली होती, पडद्यांच्या दांड्यांसकट. तुमच्या काचेत एकूण सात वस्तू आहेत.

प्राध्यापक आता निवृत्त झाला आहे असं कळतं. त्याच्या नावाची खोली आहे म्हणे त्या कॉलेजात. मी माझी चूक वर लिहिली आहे, सगळी, एकही लपवलेली नाही. आता त्याने त्याची सांगावी. मला नको, मी ऐकून काय करणार. डोंगरापलीकडे जावं, मावशीच्या भावाच्या दारात उभं राहावं, आणि ती बाई अनवाणी का गेली याचं उत्तर त्याला द्यावं.